स्टोव्हवरचं खापर

खापर फुटलं तेव्हा त्यावर मांडा होता. धाडकन आवाज झाला, पुरण ज्योतीत पडलं आणि खोलीभर जळक्या गुळाचा वास सुटला. जेवायला बोलावलेले आमच्या मालकांचे, म्हणजे नवऱ्याचे, मागावरचे चार सोबती पानावरून उठून उभे राहिले.

मालक दुसऱ्याच दिवशी नोकरी सोडणार होते. यंत्रमागाच्या खडखडाटाने त्यांचा एक कान गेला होता, दुसरा तरी वाचावा म्हणून घाई. आम्ही राहायचो त्या गोडादऱ्याच्या वस्तीत खानदेशची माणसं भरपूर. खानावळ काढू, रविवारी मांडे ठेवू, असा बेत. मांडा म्हणजे हातावर फिरवून ताटाहून मोठी केलेली पुरणपोळी. ती उपड्या मातीच्या खापरावर भाजायची. मी म्हणाले होते, "आधी चार माणसं जेवू घाला. जमलं तर सोडा नोकरी."

घरमालकाला चुलीचा धूर चालत नव्हता, म्हणून खापर रॉकेलच्या स्टोव्हवर ठेवलं. विस्तव तो विस्तव, असं वाटलं.

कोपऱ्यातून सासूबाई म्हणाल्या, "स्टोव्हवर खापर कोन ठेवस व?"

"सकाळपासून बघताय, तेव्हाच सांगायचं!"

"तू इचारं का माले?"

चौघं हसत सुटले. एक भावजी म्हणाले, "वहिनी, पुरण उरलंय ना? वाटीत द्या." मग सगळ्यांनी दूध घालून पुरणच खाल्लं.

मालक तेवढे हसले नाहीत. "संपलं सगळं," म्हणाले.

"काय संपलं? एक खापर गेलं. नोकरी सोडून, गाळा घेतल्यावर फुटलं असतं तर?"

"काय?"

मी चांगल्या कानाशी जाऊन तेच पुन्हा ओरडले. तेव्हा मालक हसले.

पुढच्या रविवारी लाकडाच्या भुशाची शेगडी आणली. तिला धूर कमी, आणि आच सगळीकडून हळूहळू लागते. खापर टिकलं. तेच चौघं आले, मांड्यावर मांडा रिचवत गेले. सासूबाईंनी सहावा मागितला तेव्हा मालकांनी नोकरी सोडली.

नातू कम्प्युटरच्या कंपनीत आहे. मोठं काम हाती घेण्याआधी ते होतं की नाही हे लहानात करून बघायचं, याला तिथे 'प्रूफ ऑफ कन्सेप्ट' म्हणतात. त्यासाठी म्हणे मीटिंगा होतात. आमचं एक खापर गेलं.

खानावळ चालली. मालकांचा तो दुसरा कान शेवटपर्यंत शाबूत होता. त्या दिवशी खोलीत होतो त्यांतले आता मी आणि ते वाटीवाले भावजी, एवढेच आहोत.