भोंगा झाला

त्या कापडगिरणीत कुणी कुणाशी बोलत नाही, असं बाहेरच्या माणसाला वाटायचं. एका छपराखाली एवढे माग खडखडत असताना बोलणार तरी कसं? घसा फाडला तरी शेजारणीला ऐकू जायचं नाही. पण आत बायकांच्या गप्पांना ऊत आलेला असे. आवाज काढायचाच नाही, नुसत्या ओठांनी बोलायचं. तोंड मोठ्ठं उघडायचं, शब्द सुटा सुटा पाडायचा, भुवयांनी त्याला तिखटमीठ लावायचं. शेडच्या दुसऱ्या टोकाची बाई ते वाचायची आणि पोट धरून हसायची, तेही बिनआवाजी.

या बोलण्यात आईचा हात धरणारं कुणी नव्हतं. आई म्हणजे पुढे देशोदेशी गाजलेल्या नटीची आई. पण गिरणीत तिला सगळ्याजणी आईच म्हणत, लेक गाजण्याच्या कितीतरी आधीपासून. नवरा लवकर गेला आणि तिला माग उरला. त्या मागानं तिचे कान हळूहळू खाल्ले. आधी पाखरं गेली, मग दाराची कडी, आणि शेवटी सुट्टीचा भोंगासुद्धा. भोंगा झाला तरी ही आपली तुटलेले धागे जोडत उभी! म्हणून शाळा सुटली की लेक गिरणीच्या दारात येई, हात वर करी, तोंडाचा चंबू करी आणि मग गाल फाटतील एवढा आ करून सांगे, "भोंगा झाला! आई, चल!"

सगळी शेड हसायची. त्यावरूनच पोरीचं नाव पडलं, तोंडाळ. बिचारीनं कधी कुणाला उलटून शब्द दिला नव्हता, पण नाव पडलं ते पडलं.

शाळा संपल्यावर तोंडाळ आईच्या शेजारच्या मागावर उभी राहिली. तिथेच म्हातारीही झाली असती. पण एक दिवस सिनेमावाले गिरणीत आले. त्यांची नायिका मागासमोर उभी राहून जीव तोडून ओरडत होती आणि कॅमेऱ्यातून बघणाऱ्या दिग्दर्शकाला काही म्हणता काही कळत नव्हतं. मागे मात्र एक मुलगी आपल्या आईला काहीतरी सांगत होती आणि ते त्याला अक्षर न् अक्षर कळलं: नायिकाबाईंची टाच सांडलेल्या तेलात आहे, आता त्या आपटणार. नायिकाबाई आपटल्या. दिग्दर्शकानं कॅमेरा मुलीकडे वळवला.

मग काय, तोंडाळचं नशीबच फिरलं. आधी छोटं काम, मग त्याहून मोठं, मग राहायला शहरात. तिथे अभिनय शिकवणाऱ्या बाईंनी पहिल्याच दिवशी तिच्या ओठांवर बोट ठेवलं. "अगं, पडद्यावर तुझं तोंड दाराएवढं दिसतं. बारीक कर ते." पोर कष्टाळू. तिनं तोंड बारीक केलं, नजर खाली ठेवायला शिकली, ओठ न हलवता रडायला शिकली. लोकांनी तिला डोक्यावर घेतलं.

तिचा पहिला मोठा सिनेमा लागला तेव्हा आई ठेवणीतली साडी नेसून पुढच्या रांगेत जाऊन बसली. आजूबाजूला सगळे डोळे पुसत होते. आई मात्र शेवटपर्यंत लेकीच्या ओठांकडे टक लावून बसली होती.

घरी आल्यावर मायलेकी स्वयंपाकघरात समोरासमोर बसल्या. घरात माग नव्हता, तरी दोघी बोलायच्या तशाच, ओठांनी.

"काय बोलत होतीस गं?"

"सगळं तर बोलले, आई."

"ओठ शिवल्यासारखे! मला एक शब्द कळला असेल तर शपथ."

लेकीचा चेहरा उतरला. ती आईला न्यायला आली होती. "ते जाऊ दे. आता माग सोड. माझ्याकडे चल."

"सोडीन की. पडद्यावर तू काय बोलतेस ते ज्या दिवशी मला कळेल, त्या दिवशी सोडीन."

आई पहिल्यापासून कुणाचं ऐकणारी नव्हती, आणि आता तर ऐकूच येत नव्हतं. लेक दर वेळी यायची, विनवायची आणि हात हलवत परत जायची. नव्या सिनेमांची भित्तिपत्रकं गिरणीच्या भिंतीवर लागायची आणि त्यांच्याखालून आई डबा घेऊन कामाला जायची. अभिमानानं तिची छाती फुगायची, नाही असं नाही. पण सगळ्या जगाला कळणारी आपली पोर आपल्यालाच कळत नाही, हे तिला आत कुठेतरी फार लागायचं.

मग लेकीला परदेशातला सिनेमा मिळाला. तिथे काय घडलं ते तिनं पुढच्या खेपेला आईला साभिनय सांगितलं. वादळाचा प्रसंग होता. वाऱ्यासाठी खोलीएवढा पंखा लावला. तो सुरू झाला तो थेट गिरणीसारखा, खडखड खडखड. "आणि आई, माझा आवाजच बंद झाला गं! तोंड आपोआप उघडलं, शेडमध्ये उघडायचं तसं, आणि आपल्याच भाषेत!" आवाज टिपणारा माणूस आपलं यंत्र बिघडलं म्हणून ते थोपटत बसला. तिला वाटलं, झालं, आता हाकलतात. पाहते तर दिग्दर्शिका रडत होती. त्या बाईला आपल्या भाषेतलं ओ की ठो कळत नव्हतं, पण सगळं कळलं होतं. "हे असंच राहू दे," ती म्हणाली.

तो सिनेमा देशोदेशी फिरला. आपल्या गावात यायच्या आधीच त्यातल्या कामासाठी लेकीला मोठं बक्षीस जाहीर झालं. समारंभ तिकडे संध्याकाळी, तेव्हा इकडे सकाळची पाळी. कॅन्टीनमधल्या टीव्हीपुढे बायकांची ही गर्दी! भिंतीपलीकडे माग चालूच होते. ऐकू कुणालाच येत नव्हतं, त्यामुळे आई आणि बाकीच्या एकदम बरोबरीत आल्या.

लेक मंचावर आली. बक्षीस घेतलं, परक्या भाषेत आभार मानले, तेच बारीक तोंड करून. आईनं हाताची घडी घातली. "पुन्हा तेच," तिचे ओठ म्हणाले.

तेवढ्यात लेकीनं समोरचा माईक बाजूला सारला. सरळ कॅमेऱ्यात पाहिलं. हात वर केला. तोंडाचा चंबू केला आणि मग गाल फाटतील एवढा आ.

"भोंगा झाला! आई, चल!"

कॅन्टीनमध्ये नुसता कल्लोळ उठला. कुणी टेबलं बडवली, कुणी एकमेकींच्या गळ्यात पडल्या. मॅनेजरसाहेब बिचारे ओरडून ओरडून विचारत होते, "काय म्हणाली? माईक तर तिनं बाजूला सारला!" त्यांच्याकडे बघायला कुणाला वेळ नव्हता. दुसऱ्या दिवशी पेपरांनी तर छापलं की आनंदानं तिची वाचाच बसली. शेड त्यावर पुढे कितीतरी दिवस हसत होती.

पण ते नंतरचं. त्या सकाळी आई जागच्या जागी बसून राहिली होती आणि गालांवरून पाणी वाहत होतं. शेजारणीनं तिला कोपरानं ढोसलं.

"तुझ्या अटीत टीव्हीचा पडदा धरायचा का गं?"

"पडदा तो पडदा," आई म्हणाली.

ती उठली. कमरेचा ॲप्रन सोडला, धागे कापायची कात्री शेजारणीच्या हातात दिली. पडद्यावर लेक अजून हात वर करून उभी होती, गिरणीच्या दारात उभी राहायची तशी, उत्तराची वाट बघत. आईनं तिच्याहून मोठा आ केला.

"आले गं, तोंडाळे, आले!"