कॅथेड्रलमधलं सुतक

गाडी पार्क करून बाबा पाण्याची बाटली शोधत होते, तेवढ्यात नागपूरहून चुलतभावाचा फोन आला. त्याचे वडील, म्हणजे आयसीयूत असलेले माझे काका, गेले होते. "रात्रीच नेतोय, दादा. मोठ्या बाबांना आत्ता सांगू नको. त्यांचं हार्ट आधीच तसलं. तिकडे काही झालं तर काय करशील? घरी पोचल्यावर सांग." माझ्या बाबांना तो मोठे बाबा म्हणतो. मी बरं म्हणालो. डोकंच चालेना.

बाबा दोन महिन्यांसाठी अमेरिकेत माझ्याकडे आले होते आणि स्टेट कॉलेज गावातल्या माझ्या अपार्टमेंटमध्ये पार कंटाळले होते, म्हणून टेकडीवरचं हे कॅथेड्रल, म्हणजे मोठं चर्च, बघायला आलो होतो. टूरवाल्या आजीबाई उत्साहानं सांगत होत्या की बांधकाम थेट मध्ययुगीन पद्धतीचं, दगडावर दगड, आणि वय शंभर वर्षं. "शंभर?" बाबा माझ्या कानाशी म्हणाले. "आपल्याकडे एवढी जुनी तर गटारं असतात." एरवी मी हसलो असतो. तेव्हा त्यांचा रागच आला. हे मजेत, आणि मी ओठ आवळून चालतोय.

आत गारठा होता. सगळे पुढे वेदीपर्यंत गेले, मी मागे खांबापाशीच थांबलो. मी काही सोवळ्याओवळ्याचा माणूस नाही. बर्गरमध्ये काय घातलंय हेही विचारत नाही. पण सुतकात देवाजवळ जायचं नाही हे लहानपणापासून अंगात मुरलेलं, मग देव कुणाचा का असेना. सुतक ऐकल्यापासून लागतं. बाबांच्या कानावर काही नव्हतं, तेव्हा ते मोकळे.

एका बाजूला मेणबत्त्या लावायची जागा होती. बाबांनी मला तिथे बोलावलं. एक स्वतः लावली, दुसरी माझ्यापुढे धरली. "लाव. काकाला बरं वाटू दे म्हण."

मी हात मागे घेतला. "तुम्हीच लावा."

बाबांनी मेणबत्ती खाली ठेवली. मग हळूच म्हणाले, "मगाशी पुढेही आला नाहीस. सुतक आहे का रे आपल्याला?"

खोटं बोलणार होतो, पण मान खाली घालून हो म्हणालो.

"फोन लाव," बाबा म्हणाले. "तोंड तरी पाहू दे त्याचं."

आम्ही बाहेर पायऱ्यांवर आलो. भावानं व्हिडिओ कॉल उचलला तेव्हा त्याच्यामागे चिता पेटलेली होती. बाबांनी फोन डोळ्यांशी नेला आणि ज्वाळा बघत राहिले. पार्किंगमध्येच सांगितलं असतं तर त्यांना चेहरा दिसला असता.

"बाबा, तुमच्या काळजीपोटीच..."

"कळतं रे मला." त्यांनी फोन माझ्या हातात दिला. आवाज जराही चढला नव्हता. "माझ्या वेळी मात्र तुला लगेच कळवायला सांगून ठेवतो. तुला तोंड तरी दिसेल."