आईची खाज, मांजरीची खाज

संध्याकाळी आमच्या घरी खाजवण्याचा कार्यक्रम असायचा. नागपूरच्या नंदनवन वस्तीतल्या घराच्या मागच्या ओट्यावर आई बसायची, मांजर तिच्या मांडीवर, आणि बँकेतून आले की मी आईच्या पाठीमागे. आई मांजरीची मान खाजवायची आणि मी आईची पाठ. "अजून थोडं वरतं, वं," आई म्हणायची. मी दमलेली असायचे, चिडायचे आणि मुद्दाम खालीच खाजवायचे. मग ती हसायची.

मांजर करडी होती. दोन वर्षांपूर्वी आपणहून आली आणि राहिली. आईने तिला नाव ठेवलं नाही, नुसतं 'बाई' म्हणायची. बाबा गेल्यापासून आई एकटी जेवायला बसत नसे आणि मी दिवसभर बँकेत. दुपारी बाईला समोर बसवून, तिच्याशी बोलत बोलत ती दोन घास खायची. हे मला पक्कं माहीत होतं. पुढे मी जे केलं ते हे माहीत असताना केलं.

पावसाळा संपत आला तेव्हा बाईच्या पोटावरचे केस विरळ झाले, मग मांड्यांच्या आतून चामडी उघडी पडली. ती अंग खाजवताना मला फारशी दिसली नव्हती. ती सारखी चाटत असायची आणि मला वाटायचं, केवढी स्वच्छतेची आवड! आईने आपल्या माहेरचा, सावनेरकडचा उपाय काढला. तिकडे बैलांच्या खरजेला करंजाचं तेल लावतात, तेच तिने बाईच्या पोटाला चोळलं. बाईने ते सगळं चाटून काढलं आणि दिवसभर ओकत राहिली. मग मात्र मी रजा टाकून तिला जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

डॉक्टरीणबाई शांत स्वभावाच्या होत्या, पण तेलाचं ऐकून बोलल्याच. मांजराच्या अंगाला लावलेलं सगळं शेवटी पोटात जातं. मांजर खाजवण्यापेक्षा चाटूनच खाज भागवते, म्हणून घरच्यांना उशिरा कळतं. त्यांनी बारीक दातांची फणी शेपटीजवळून फिरवली आणि निघालेले काळे कण ओल्या कापसावर ठेवले. कण तांबूस विरघळले. ती पिसवांची घाण, म्हणजे पचलेलं रक्तच. काही मांजरांना पिसवांच्या लाळेचंच वावडं असतं, मग चार-दोन चावे झाले तरी सगळं अंग खाजतं. मानेवर टाकायचं औषध त्यांनी दिलं. दर महिन्याला टाकायचं, मांजराचंच, कुत्र्याचं चुकूनही नाही. अंथरुणं गरम पाण्यात धुवायची आणि फिनाईलने पुसलेल्या फरशीवर तिला लोळू द्यायचं नाही. "धीर धरा," त्या म्हणाल्या. "केस यायला वेळ लागतो."

धीर हा माझ्यात नाहीच. बँकेत माझ्या टेबलावर कागद पडून राहत नाही म्हणून माझं कौतुक होतं. घरातही मला प्रत्येक गोष्टीचा निकाल लागलेला हवा असतो.

त्याच दिवसांत आईची खाज वाढली. पाठ, दंड, पोटऱ्या. ती झोपेतही खाजवायची आणि सकाळी पोलक्यावर रक्ताचे ठिपके दिसायचे. कातडीच्या डॉक्टरांनी मलम लिहून दिलं आणि जाता जाता विचारलं, घरात एखादं जनावर आहे का? मी हो म्हटलं. ते एवढंच म्हणाले की त्याच्यावरही उपचार करा. उपचार तर चालूच होता. पण माझ्या डोक्यात निकाल लागला होता.

आई म्हणाली, "तिचं काहून नाव घेतं वं? माही खाज आधीची हाय. तिले तं मंग सुटली." मी ऐकलं नाही. आईला बाईचा लळा, ती तिचीच बाजू घेणार, असं मी धरून चालले. आणि खरं सांगायचं तर बाईच्या पोटावर तोवर बारीक लव आली होती. मी ती पाहिली होती, बोटाने चाचपलीही होती. औषध लागू पडत होतं आणि तरी आईची खाज वाढत होती. या दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहायला काही फार हुशारी लागत नाही.

मांजर कशी सोडायची हे मला आईनेच सांगितलेलं. लहानपणी तिच्या गावी मांजरं फार झाली की पोत्यात घालून लांब नेत, चौकात तीन फेरे मारत आणि मग सोडत. मांजरीने रस्ता पाहिला की ती परत येते, म्हणून पोत्याचं तोंड घट्ट बांधायचं. ही गोष्ट आई हसत हसत सांगायची, कारण तिच्या आजोबांनी सोडलेली एक मांजर त्यांच्याआधी घरी पोहोचली होती.

एका रविवारी आई शेजारी हळदीकुंकवाला गेली होती. मी तांदळाचं रिकामं तागाचं पोतं घेतलं, बाईला त्यात घातलं आणि स्कूटीवर पायांशी ठेवून कामठीला गेले. ती वाटभर ओरडत होती. एका चौकात मी तीन फेरे मारले, बँकेतली शिकलेली बाई मी. एका गोठ्यापाशी पोतं सोडलं. दूध तरी मिळेल, असं मनाला समजावलं. ती बाहेर आली, माझ्याकडे पाहिलं आणि माझ्याच पायाला अंग घासायला लागली. मी स्कूटी सुरू केली.

आईला सांगितलं, मागचं दार उघडं राहिलं, गेली कुठेतरी.

आई रडली नाही. "तिले रस्ता मालूम हाय, ते येईन," म्हणाली आणि त्या दिवसापासून मागचं दार लावू देईना. थंडी पडली, वारं आत यायला लागलं, तरी दार फटभर उघडंच. दुपारचं ताट पुढ्यात घेऊन ती दाराकडे बघत बसायची. शेजारच्या वहिनींनी मला सांगितलं की काकू हल्ली दुपारी जेवतच नाहीत. मला वाटलं, होईल सवय.

खाज कमी झाली नाहीच. मग पायांवर सूज आली आणि रक्त तपासलं. किडन्या केव्हापासूनच थकल्या होत्या. अंगात साचलेलं बाहेर पडत नव्हतं म्हणून खाज सुटत होती. मी किडनीच्या डॉक्टरांना मांजरीचं विचारलं. कुठली मांजर, असं त्यांनी गोंधळून विचारलं. मांजरीचा काही संबंध नाही, असं त्यांनी सांगितलं. मी बाहेर येऊन बाकावर बसले. मला आईच्या आजाराचं रडू यायला हवं होतं. आलं ते मांजरीचं.

त्यानंतर दर रविवारी मी कामठीला गेले. गोठ्यावर विचारलं, आसपासच्या विणकरांच्या गल्ल्यांतून मागांची खडखड ऐकत फिरले, करडं काही दिसलं की थांबले. गोठ्यावरची गवळण म्हणाली, दोन दिवस होती, मग निघून गेली. कोणत्या बाजूला? तिने हात केला तो नागपूरच्या रस्त्याकडे.

थंडी सरता सरता आई अंथरुणाला खिळली. तिच्या शेवटच्या आठवड्यात एका दुपारी मी तिची पाठ खाजवत होते, आता हलक्या हाताने आणि तिला हवं तिथे. ती भिंतीकडे तोंड करून होती. म्हणाली, "तांदळाचं पोतं तेव्हापासून दिसून नाही राहिलं."

माझा हात थांबला.

"खाजव नं," ती म्हणाली. मी खाजवायला लागले. मग तिने विचारलं, "त्याले एखांदं भोक होतं का वं? तिले रस्ता दिसला असन का?"

रागावली असती तर मी पाय धरले असते. पण तिला फक्त तेवढंच हवं होतं.

"होतं, आई," मी म्हणाले. "चांगलं मोठं होतं."

"मंग येईन ते," ती म्हणाली आणि डोळे मिटले.

आई गेली त्याला वर्ष होईल. मागचं दार आता मीच फटभर उघडं ठेवते आणि दुपारची सुट्टी असली की तिथेच ताट घेऊन बसते. पोत्याला भोक नव्हतं. त्या रविवारी निघण्याआधी मी ते खिडकीच्या उजेडात धरून, फिरवून फिरवून पाहिलं होतं. एका कोपऱ्यात बोटभर उसवलेलं सापडलं, ते मी सुईदोऱ्याने शिवून टाकलं.