माझे पाच ईमेल

आमच्याकडे नोकरीचा फॉर्म भरायला ऑनलाइनच्या दुकानात जायचं आणि दुकानदाराने दर फॉर्मला नवा ईमेल उघडून द्यायचा, अशीच रीत. जुन्याचा पासवर्ड ना त्याला आठवायचा, ना मला. असे माझे पाच ईमेल झाले. फोन बदलत गेलो तसे फोटोही विखुरले. लेकीच्या वाढदिवसाचे एकात, तिच्या शाळेच्या गॅदरिंगचे दुसऱ्यात.

यंदा लेकीचा पहिला फॉर्म भरायची वेळ आली. मी ठरवलं, आधी आपला पसारा एका क्लाउड खात्यात आणायचा. पाचही ईमेलांना दुकानदाराचाच नंबर जोडलेला, ओटीपी त्याच्याच फोनवर येणार. म्हणून लेकीला घेऊन त्याच्या शेजारीच खुर्ची टाकून बसलो.

"जाऊ द्या ना भाऊ, जुनं काय करता?" तो म्हणाला.

"मले सगळं पाहिजे," म्हणालो आणि उठलो नाही.

पाचव्या ईमेलात मुलाखतीचं बोलावणं निघालं. बारा वर्षांपूर्वीचं, कोणीच न उघडलेलं. साधं उत्तरही दिलं नाही म्हणून मी इतकी वर्षं त्या ऑफिसाला शिव्या घालत होतो.

दुकानदाराने हळूच विचारलं, "हे पुसून टाकू?"

"काऊन? तेही घे."

मग लेकीने तिच्या फोनवर, तिच्याच नंबरावर स्वतःचा ईमेल उघडला. पासवर्ड टाकायची वेळ आली तेव्हा मी दुकानदाराला म्हणालो, "तोंड तिकडे कर." आणि मीही भिंतीकडे वळलो.