सिस्टरांचा डोंगर

दिंडोरी रोडवर आमच्या शेजारी राहणाऱ्या निवृत्त नर्सबाईंना सगळी सोसायटी 'सिस्टर' म्हणते. समोरचा माणूस वॉर्डातला शिकाऊ असल्यासारखं त्या दर दोन वाक्यांनी 'लिहून ठेवा' म्हणतात. रविवारी चर्चमधून आल्या की गच्चीवरून रामशेज किल्ल्याकडे बघत त्या मला बायबलच्या जुन्या करारातले डोंगर समजावतात.

"सीनायवर आज्ञा मिळाल्या, मोरियावर अब्राहामाची परीक्षा झाली. देवाला बोलायचं असलं की तो माणसाला आधी चढायला लावतो, लिहून ठेवा."

गुडघ्याच्या ऑपरेशननंतर मुलगा त्यांना म्हणाला, "मम्मी, आता डोंगर लांबूनच बघ. मोशेनंही देवानं कबूल केलेला देश नबो डोंगरावरून नुसता पाहिलाच ना?"

"अरे, पण नबो तो स्वतःच्या पायांनी चढला होता!" सिस्टर कडाडल्या.

डॉक्टरांनी परवानगी दिली तेव्हा त्या मला घेऊन रामशेजला निघाल्या. दर दहा पायऱ्यांना थांबत होत्या. त्यांचा चेहरा पांढरा पडलेला बघून मला आपण आलोच कशाला असं झालं. वाटेतल्या राममंदिरात पुजाऱ्यानं पाणी दिलं.

"मावशी, इथवर आल्या, लय झालं. बसा आता."

सिस्टर पाणी प्यायल्या, पुजाऱ्याला हात जोडले आणि उठल्या. शेवटच्या चढावर त्यांनी माझा हातही सोडला.

माथ्यावर पोचताच त्यांनी दोन्ही हात आभाळाकडे उंचावले आणि "हालेलुया!" अशी आरोळी ठोकली. क्षणभरानं खाली मंदिरातली घंटा घणघणली. पुजारी ती वाजवायचं थांबवायलाच तयार नव्हता.