वहिनींचं उतरलेलं वजन

"मावशी, चढा ना जरा. बघू तर."

वहिनींनी नवा वजनकाटा हॉलच्या मधोमध ठेवला होता. काचेचा, पातळ. त्यांच्या मैत्रिणी सोफ्यावर गोल करून बसलेल्या. सगळ्या एकेकदा चढून उतरून झालेल्या. मी स्वयंपाकघरातून भाजलेलं पनीर घेऊन येत होते. पदर खोचलेला, हातात ताट. म्हटलं, राहू दे वहिनी, काच फुटेल. सगळ्या हसल्या. विनोद मीच केला होता, म्हणून मीही हसले.

"अहो, लाजता काय. चढा."

चढले. ताट हातात धरूनच चढले. वहिनींनी आकडा मोठ्याने वाचला. मग म्हणाल्या, "आत्ता कळलं. आपण सगळ्यांनी उतरवलेलं वजन गेलं कुठे ते. मावशींकडे."

हॉल हसला. सोफ्यावरची एक म्हणाली, "यांच्यात भातच फार खातात ना?"

"भात, पाव, बटाटा. समजावून थकले मी," वहिनी म्हणाल्या.

यांच्यात. मी काट्यावर उभी होते. समोर. दोन्ही कानांसकट. आणि मी काय केलं? सगळ्यांत मोठ्याने हसले. ताटातलं पनीर हललं इतकी हसले.

वहिनी खोटं बोलल्या नव्हत्या. ते कळायला मला घरी जावं लागलं.

मुलुंडच्या त्या टॉवरमध्ये मी पोळ्या लाटायला लागले तेव्हा माझे केस काळे होते. पुढे वहिनींच्या घरात लो-कार्ब आलं. भात बंद, पोळी बंद, साखर बंद. मला वाटलं, आता मीही बंद. पोळ्याच नाहीत तर पोळीवाली कशाला? पण नाही. फ्लॉवर किसून त्याचा भात करायला आणि बदामाच्या पिठाची धिरडी घालायला कुणाचे तरी हात लागतातच.

त्यांनी खाणं बंद केलं, पण वस्तू घरात यायच्या थांबल्या नाहीत. माहेरचा आंबेमोहोर यायचा. दिवाळीचे मिठाईचे खोके यायचे. वाढदिवसाचे केक, पाहुण्यांसाठी मागवलेला पुलाव, पावाच्या लाद्या. संध्याकाळी ते सगळं एका पिशवीत बसायचं आणि पिशवी माझ्या हातात यायची.

"आमच्याकडे आता कोणी खात नाही हो मावशी. अन्न टाकवत नाही. पाप लागतं."

मी घ्यायची. तेव्हाची मी म्हणजे काय सांगू. डोंगराकडच्या आमच्या वस्तीत पिशवी अशी मिरवत शिरायची, जशी काही शालजोडी मिळाली. शेजारणीला मुद्दाम विचारायची, "काजूकतली खाल्लीस का गं कधी? तुझी बाई देते का?" शेजारीण जळायची. ती जळली की मी आणखी एक तोंडात टाकायची. येडी.

मग पायाच्या अंगठ्याजवळ जखम झाली आणि सुकेना. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी साखर सांगितली. म्हणाल्या, भात, पाव, गोड सोडा, नाहीतर अंगठा काढावा लागेल. आमच्या वस्तीत अंगठा गेला की मागोमाग पाय जातो. पाय गेला की बाईची कामं जातात. मग उरलेली बाई घरच्यांना जड होते. हे मी लोकांच्या घरात पाहिलंय.

घाबरले. वहिनींकडे रोज पाहत होतेच, तसं घरी सुरू केलं. अंडी, मांदेली, पालक, मूठभर शेंगदाणे. वजन उतरलं. जखमही सुकली. आणि झालं, बाईच्या डोक्यात हवा गेली. नातीकडून फोटो काढून घेतले, पुढून आणि बाजूने. लग्नातला ब्लाउज ट्रंकेतून काढून घातला. तो बसला नव्हता, पाठीमागे सेफ्टी पिना होत्या, पण फोटोत पाठ कुठे दिसते? नळावर उभी राहून बायकांना सांगायची, भात म्हणजे विष बायांनो. एखादी दारात बसून डाळभात खात असली की तोंड वाकडं करून पुढे जायची. जशी काही मी भात कधी पाहिलाच नव्हता.

या सगळ्या तोऱ्यात पिशवी मात्र चालूच होती. नातीसाठी, असं म्हणायची. नात चिमणीएवढं खायची. उरलेल्याचं काय? टाकवत नव्हतं. वहिनींना टाकवत नव्हतं आणि मलाही टाकवत नव्हतं. फरक इतकाच की त्यांचं न टाकवलेलं माझ्याकडे यायचं. माझ्यापुढे कुणी नव्हतं. होतं ते माझं पोट.

वजन परत आलं. गेलं होतं त्याहून जास्त आलं. जखमेने पुन्हा तोंड उघडलं. मी वयाला दोष दिला, गुडघ्यांना दिला, नशिबाला दिला. पिशवीचं नाव एकदाही घेतलं नाही.

तर त्या काट्याच्या संध्याकाळीही पिशवी मिळालीच. पार्टीतला पुलाव आणि केक. घरी येऊन मी जमिनीवर बसले आणि पुलाव खायला लागले. अपमान झाला होता ना, मग भूक लागणारच. पुलाव संपवून केकचा डबा उघडला. एका तुकड्याला कुणीतरी चावलेलं होतं. कडेला लिपस्टिकचा लाल डाग. पोट भरल्यावर माझा स्वाभिमान जागा झाला. तो नेहमी जेवूनच उठतो.

मला आमची म्हातारी आठवली. म्हातारी म्हणजे माझी सासू, साताऱ्याकडची. लहानपणी ती आईबरोबर टोपली घेऊन गावात दारोदार फिरायची. वर्षभर राबायचं आणि बदल्यात शिळी भाकरी गोळा करायची. गाव त्याला आमचा हक्क म्हणायचं. धम्म घेतला त्या वर्षी तिच्या आईने टोपली चुलीत घातली. पोरं उपाशी निजली. पाटलीणबाईने निरोप धाडला, भाकऱ्या वाळून चालल्यात, येत का नाही? तिच्या आईने उलट निरोप दिला, "तुमचं शिळंपाकं तुमच्या म्हशीला घाला."

म्हातारी ही गोष्ट मला नवी नवरी असताना सांगायची आणि मी जांभया द्यायची. मनात म्हणायची, झालं ते झालं, आता मुंबईत कोण टोपली घेऊन हिंडतंय. टोपली नव्हती गं बये. कापडी पिशवी होती. वर दुकानाचं नाव छापलेली.

त्या टॉवरमधला ओला कचरा खाली जातो. सुका कचरा खाली जातो. आणि जो टाकला तर पाप लागतं तो माझ्या घरी येतो. माझ्या अंगावर चढतो. मग मला काट्यावर उभं करून तो मोजतात आणि हसतात.

दुसऱ्या दिवशी काम आटोपून निघाले. वहिनींनी डबा पुढे केला.

"कालचा पुलाव राहिलाय थोडा."

"नको."

"अहो, फुकट जाईल."

"जाऊ दे."

"काल हसलो म्हणून रागावलात का? तुम्हीही हसलात की."

"हसले."

"मी प्रेमाने देते हो, मावशी."

"ठाऊक आहे. तुम्ही खा, नाहीतर टाका. टाकायचं झालं तर तुमच्या हाताने टाका. त्याचं काय पाप लागायचं ते तुम्हाला लागू दे. मी आता नेणार नाही."

वहिनींनी डबा मागे घेतला. मग तो फ्रिजमध्ये ठेवला. तिथे तो आंबला.

मला वाटलं, मोठं काहीतरी केलं. छे. पिशवी थांबली नाही, तिने फक्त घर बदललं. आता ती झाडूपोछा करणाऱ्या नव्या पोरीला मिळते. लिफ्टमध्ये एकदा तिला म्हटलं, "घेऊ नको गं ते." ती म्हणाली, "मावशी, तुमची मोठी झाली. माझी लहान आहेत." लिफ्ट खाली आली आणि ती पिशवी सावरत निघून गेली.

वहिनींनी मला कामावरून काढलं नाही. मी दिसले की त्या आता फोनमध्ये बघतात, एवढंच.

मी पुन्हा भात सोडलाय. या वेळी फोटो नाही, नळावरचं भाषण नाही. सून म्हणते, "आई, रोज अंडी-मासे कुठून आणायचे? भात टाकला की घर जेवतं." तिचं बरोबर आहे. आमच्यासारख्यांना जे परवडतं ते सगळं पांढरं असतं आणि तेच मला वर्ज्य. डॉक्टरीणबाईंनी पाय पाहिला. विचारलं, "वजन पुन्हा वाढलं?" म्हटलं, पुन्हा. अंगठा काळा पडत चाललाय. त्यांनी या वेळी धीर दिला नाही. मीही मागितला नाही.

मी स्वतःला ओळखते. जीभ चोरटी आहे माझी. एखाद्या दुपारी सुनेच्या टोपात हात घालीन आणि हरेन. अंगठा जाईल, कदाचित पाय जाईल. गेला तर माझ्या घरात शिजलेल्या भाताने जाईल. त्यांना नकोसा झालेला एक घासही आता या तोंडात जाणार नाही.