वंदनाची बाहेरची खोली

वंदनाच्या भावाचा फोन आला तेव्हा मी कर्जतच्या बाजारात भाजी घेत होते. "ताई गेली," एवढंच तो म्हणाला. कशेळ्यात छातीत कळ आली, जीपमधून कर्जतला आणेपर्यंत सगळं संपलं होतं... महिना उलटला, पण तिच्या घराकडे वळताना अजून पाय अडखळतात.

आम्ही एकाच शाळेत होतो. ती चित्रकला शिकवायची, मी मराठी. निवृत्तीनंतर तिनं कशेळ्यातली बंद पडलेली भातगिरणी मालकाकडून मागून घेतली आणि शहरातली कलादालनं ज्यांना दारातही उभं करत नाहीत, अशांसाठी उघडली. कुणी जळक्या लाकडांची मांडणी करी, कुणी नुसत्या सावल्यांची. "मलाबी सगळं कळत नाय गं," ती हसायची, "पण त्यांना करायचंय ना? मग जागा नको?"

तिथंच डोंगरातल्या वाडीवरच्या संगीता नावाच्या एकीनं मडकी टांगली. प्रत्येक मडक्यात छोटा स्पीकर. कान लावला की वाडीतली एकेक बाई आपली जमीन फार्महाऊसवाल्यांकडे कशी गेली ते सांगायची. एका मडक्यात म्हातारी चांगुणा होती. रेशनसाठी म्हणून कागदावर अंगठा घेणाऱ्या माणसाचं नाव ती घेत होती. त्या माणसाचा मुलगा नरेश आता गावातलं मोठं प्रस्थ होता. गिरणी त्याच्या चुलत्याची, आणि तो स्वतः वंदनाचा विद्यार्थी.

पहिल्याच दुपारी जीप आली. नरेश एकटा आत आला, त्याची माणसं दारात उभी राहिली. त्यानं त्या मडक्याला कान लावला, शेवटपर्यंत ऐकलं. मग वळून म्हणाला, "बाई, तुमी शिकवलंय मला, म्हणून हात जोडून सांगतो. एवढं एक मडकं काढा. नायतर आजच गिरणीला टाळं लागंल."

वाडीवरून आलेल्या बाया भिंतीला चिकटून उभ्या होत्या. वंदनाचा भाऊ तिच्या कानाशी लागला, "तायडे, काढ ना एक. बाकीची तर ऱ्हातील."

"मडकं माझं नाय रं नरेश," ती म्हणाली. "जिचा आवाज हाय तिला इचार."

मग बायांमधून चांगुणा पुढं झाली. "मडकं कशाला काढतोस? मी हितंच हाय," म्हणाली, आणि त्याच्या तोंडाकडे बघत सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगू लागली. बापाचं नाव आलं तिथंही ती थांबली नाही. नरेशच्या मानेवरची शीर तटतटली होती. दारातला एकजण आत सरकला, तसा नरेशनं त्याला हातानं अडवलं... आणि निघून गेला.

टाळं मात्र लागलंच. आम्ही मडकी काखोटीला मारून वंदनाच्या घरी नेली. तिनं बाहेरची खोली रिकामी केली, आतल्या खोलीत भाऊ-भावजय होते, म्हणून स्वतःची खाट स्वयंपाकघरात नेली. पुढं तिला फोनवरून दमदाट्या झाल्या, शेजारचे दोघे-तिघे यायचे बंद झाले. "दार वाजलं की धस्स होतं गं," ती एकदा म्हणाली. "पण बघायला आलेलं माणूस असलं तर? म्हणून उघडायलाच लागतं." तसं उघडत उघडत तिनं कितीतरी जणांचं काम त्या खोलीत लावलं.

तिच्या मृत्यूनंतरच्या पुण्यानुमोदनाच्या विधीला मी गेले, तर तिचा भाऊ हातोडी आणि तिचा मोठा फोटो घेऊन खोलीच्या मधोमध उभा. चारही भिंतींवर लोधिवलीच्या एका मुलीची डांबरानं रंगवलेली चित्रं. बसायला आलेल्यांपैकी कुणीतरी म्हणालं, "एक काढा की, चार दिवसांचा प्रश्न हाय."

"नाय," भाऊ म्हणाला. "तायडीनं कदी कुणाचं काढलं नाय."

तो फोटो घेऊन आत गेला. आता वंदना स्वयंपाकघरात आहे, चहा-साखरेच्या डब्यांच्या वर, आपल्या खाटेच्या उशाशी. फोडणीच्या धुरानं काच रोज थोडी काळवंडते, भावजय रोज पदरानं पुसते. बाहेर लोक डांबराची चित्रं बघत असतात.